आमच्यात मध चालत नाही

भाद्रपद आला की शेजारची बाई पंचामृताची वाटी घेऊन दारात उभी राहते. बेळगावच्या टिळकवाडीतल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचा तिचा रिवाज. आमच्या वाटीत मध नसतो, तो ती कसा टाळते हे मी कधी विचारलं नव्हतं. यंदा तिच्याऐवजी तिची नवी सून आली. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली, "आज्जी, तुमच्यात मध चालत नाही ना? सासूबाईंनी तुमचं आधीच वेगळं काढलंय. बिनमधाचं."

"चालत नाही," मी म्हटलं आणि वाटी घेतली.

पोरगी चांगली आहे. तिच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. तरी दार लावल्यावर मला राग आला आणि तो दिवसभर उतरला नाही. एवढं सोपं होतं तर. मध घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. त्यासाठी तालुक्याला जायला नको, साहेब यायला नको, चार माणसं जमायला नकोत. आमच्या गावात हे कुणाला सुचलं नाही आणि माझी शाळा गेली.

भाद्रपद मला आवडत नाही. लोक म्हणतात, काय हिरवं असतं सगळं! असतं. निपाणीकडच्या काळ्या रानात तेव्हा तंबाखूची लावण चाललेली असते. बायका ओणव्या होऊन रोप दाबत पुढं सरकतात, पायाच्या बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजतात, ऊन पडलं की ओल्या मातीची वाफ तोंडावर येते. बांधावर तेरडा फुललेला असतो, त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नसते. हे हिरवं पुढं कडू व्हायचं असतं, हे लावणाऱ्या बाईला ठाऊक असतं.

आणि देवांची गर्दी. चतुर्थीला गणपती बसतो आणि दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. गावात एका टोकाला झांजा, दुसऱ्या टोकाला बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, अभिषेक. आमच्या बस्तीतही पंचामृत असतं. दूध, दही, तूप, पाणी आणि उसाचा रस. त्यांच्याकडं मध असतो, आमच्याकडं तो दारू-मांसाच्या पंगतीतला. दोन्हीकडं पाचच पदार्थ. देव भांडलेले मी तरी बघितले नाहीत.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. आमचं गाव निपाणीपासून बैलगाडीच्या टप्प्यातलं, आणि शाळा लोकल बोर्डाची, म्हणजे सरकारी. पण भरायची मारुतीच्या देवळात. बोर्डाकडं इमारत नव्हती, गावाकडं देऊळ होतं, एवढाच हिशेब. खांबाला टेकवलेला फळा, प्रत्येक खांबापाशी एक इयत्ता. तेलाचा आणि शेंदराचा वास पुस्तकांना लागलेला असायचा. पाढे चालले असताना गुरव नैवेद्य घेऊन आला की घंटा वाजायची, पाढा जिथं असेल तिथं थांबायचा. नैवेद्य झाला की परत तिथून पुढं. एकोणतीसच्या पाढ्यात घंटा झाली की मला बरं वाटायचं.

सोना तेवढी बाहेर बसायची. सोना महारवाड्यातली. तिचा बाप पलटणीत होता, पेन्शन घेऊन गावात आला आणि पोरीला हाताला धरून शाळेत आणलं. सरकारी शाळा, नाही म्हणता येईना. देऊळ, हो म्हणता येईना. मग देवळासमोरच्या पिंपळाच्या पारावर तिला बसवलं. तिनं पाटी दोन्ही हातांनी वर धरायची, मास्तरांनी दारातून बघायचं. "तिसरं चुकलं," असं आतून ओरडून सांगायचं. पाऊस आला की ती पाटी पोटाशी घेऊन पिंपळाच्या बुंध्याला चिकटायची, अक्षरं पुसू नयेत म्हणून. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. पार होता, त्यावर सोना होती. पिंपळ होता तशी.

मी चौथीत गेले त्या वर्षी नवे मास्तर आले. घाटाखालचे, सडसडीत, खणखणीत आवाजाचे. माझं जे झालं ते त्यांच्या हातून झालं, तरी सांगते, असा मास्तर मला दुसरा मिळाला नाही. जुने मास्तर मुलींकडून दोन कविता पाठ करून घेत आणि मोकळे होत. यांनी मला भागाकार शिकवला. वर्तमानपत्राचा तुकडा हातात देऊन म्हणायचे, "वाच. मोठ्यानं वाच, मारुतीला ऐकू गेलं पाहिजे." एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोरगी फायनलला बसेल." फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. ती झाली की मास्तरीण होता येत असे. तेव्हापासून मी चालताना, जेवताना, धारा काढताना मनातल्या मनात मास्तरीण असायचे. म्हशीला शुद्धलेखन घालायचे.

मास्तर देवभोळे होते. त्यांनी शाळेत गणपती बसवला. रोज सकाळी आरती, मग सगळ्या पोरांनी रांगेत हात पुढं करायचा आणि मास्तरांनी पळीनं पंचामृताचं तीर्थ घालायचं. पहिल्या दिवशी माझा नंबर आला आणि मी मूठ मिटून घेतली.

"हात उघड."

"न्हाय मास्तर. आमच्यात मध चालत न्हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "हिच्यात बटाटा चालत न्हाय, कांदा चालत न्हाय. मग चालतंय तरी काय?"

"तंबाकू!" दुसरा ओरडला आणि मारुतीच्या देवळात हशा पिकला. मास्तरही हसले. मग गंभीर झाले. "हे बघ शांता, घरी घरचं, शाळेत शाळेचं. तीर्थाला नाही म्हणत नाहीत."

"शाळेचं म्हंजे गणपतीचं व्हय?" मी विचारलं. उद्धटपणा नव्हता तो. मला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी मारलं नाही. माझ्या मिटल्या मुठीवर पळी ओतली. तीर्थ बोटांच्या फटींतून मनगटावर आलं, परकराला लागलं. चिकट. दिवसभर त्या हातावर माशी बसत होती. लेखण धरली की बोटं एकमेकांना चिकटत होती.

घरी आईनं हात धुतला आणि गप्प राहिली. आप्पा, म्हणजे माझे वडील, गप्प राहणारे नव्हते. तशी त्या माणसाला भांडणाची हौस नव्हती, पण धर्म म्हटला की अंगात यायचं. ओसरीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "शाळा सरकारची हाय का गुरवाची? सरकारच्या शाळेत माझ्या पोरीला मध पाजनारं हे कोन?"

गावात त्या साली विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. तो आप्पांनी फक्त स्वतःपुरता विचारला, हीच त्यातली खोट.

मधाच्या एका थेंबात किती जीव मरतात हे आप्पा मला समजावून सांगायचे. मला तेव्हाही दिसायचं की तंबाखूवरच्या अळ्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायला आमच्याच रानात बायका लावलेल्या असतात. मी एकदा बोलले. आप्पा म्हणाले, "ते शेतीचं झालं, हे धर्माचं." घरी घरचं, शाळेत शाळेचं. मास्तर आणि आप्पा एकमेकांना वाटत होते तेवढे वेगळे नव्हते.

आप्पा तालुक्याला, चिकोडीला, जाऊन आले. कुणी वकिलानं त्यांना सांगितलं, सरकारी शाळेत कुणाच्याही धर्मावर जुलूम करता येत नाही. अर्ज झाला. इकडं मास्तरही हट्टाला पेटले. पाटलाच्या चावडीवर म्हणाले, "हिला सूट दिली की उद्या प्रत्येक जण आपापलं सांगत येईल. मग शाळा चालवायची की पंगती मांडायच्या?" गणपती गेला, पण मास्तरांनी दर शनिवारी मारुतीला पंचामृत सुरू केलं. मी दर शनिवारी मूठ मिटायची, ते दर शनिवारी मुठीवर ओतायचे, आणि त्यानंतर लगेच मला अपूर्णांक शिकवायचे. प्रेमानं. माणसं अशी असतात, सरळ वाईट असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आधी डेप्युटी साहेब आले. शाळा तपासणारे मोठे अधिकारी, आमच्याकडं त्यांना दिपोटी म्हणत. कोट, फेटा, चकचकीत बूट. पाराजवळ टांगा थांबला. सोना उठून उभी राहिली आणि शिकवलं होतं तसं तिनं दोन्ही हात जोडून "नमस्ते साहेब" म्हटलं. साहेब म्हणाले, "बस, बस." बूट काढले आणि पायऱ्या चढून देवळात आले.

आत पाटील, मास्तर, आप्पा, गुरव, गावातले चार शहाणे. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. चांगलं ऐकलं, मधे बोलले नाहीत. मग उभे राहून म्हणाले, "सरकारचा नियम साफ आहे. शाळेत कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही. आणि धर्मापायी कुणाचं शिक्षण अडता कामा नये." आवाज मोठा होता, पारापर्यंत गेला असेल. सोना ऐकत असणार. तिला दुसरं काम काय होतं?

"तेव्हा," साहेब म्हणाले, "पूजेच्या वेळी या मुलीनं बाहेर बसावं. पूजा संपली की आत यावं." आणि तसा शेरा लिहून दिला.

सगळे खूश. मास्तरांची पूजा राहिली, आप्पांचा धर्म राहिला, सरकारचा नियम राहिला. पाटलानं चहा मागवला. मी खांबाला टेकून उभी होते. माझ्याबद्दल एवढं बोलणं झालं, पण माझ्याशी कुणी बोललं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? खरं सांगते. मला फायनलला बसायचं होतं. मध खाऊन बसायला मिळत असेल तर मी मधाचं गाडगं तोंडाला लावलं असतं.

बाहेर बसायचं म्हणजे कुठं? देवळाबाहेर बसायला एकच जागा होती.

पहिल्या दिवशी मी पाराच्या ह्या टोकाला बसले, सोना त्या टोकाला. पिंपळाची पानं सळसळत होती. आत आरती चालली होती, बाहेर आम्ही दोघी पाय हलवत बसलो होतो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू काय केलंस गं?"

"काय न्हाय. मध चालत न्हाय मला."

"मी पन काय केलं न्हाय," ती म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "तुला आवडत न्हाय का मध?"

"खाल्लाच न्हाय कधी."

"मग कसं कळलं, चालत न्हाय म्हनून?"

"कसा असतोय?" मी विचारलं.

"ग्वाड. पन लई खाल्ला तर घशाला लागतोय. माझ्या बानं पोळं काढलंतं." तिनं घसा खाकरून दाखवला. आम्ही दोघी हसलो. तिची लेखण झिजून नखाएवढी उरली होती, मी माझी मोडून अर्धी दिली. तिच्या हातात दिली, खाली ठेवली नाही. मुद्दाम नव्हे. लेखण हातातच देतात.

ती भागाकारात माझ्यापेक्षा पुढं होती. दारातून आलेला ओरडा ऐकून शिकलेली, त्यामुळं तिला एकदा सांगितलेलं पुरायचं. पूजा लांबत गेली, शनिवारची रोज झाली, कारण मास्तरांनाही जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला काही वाईट वाटत नव्हतं. पारावर वारा होता, शेंदराचा वास नव्हता, आणि गणित सोडवायला जोडीदारीण होती. मी आयुष्यात सर्वांत नीट शाळा शिकले असेन तर ती त्या आठवड्यांत.

पण गुरवाच्या बायकोनं बघितलं, आणि मग ते विहिरीवर गेलं. विहिरीवरून बस्तीत गेलं. एके दिवशी बस्तीचे उपाध्ये, म्हणजे आमचे पुजारी, आमच्या ओसरीवर येऊन बसले. पाणी सुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "आप्पा, पोरगी महाराच्या पोरीला खेटून बसती म्हनं. लेखन देती-घेती. असलं सोवळं घेऊन अभिषेकाला कसं येणार तुमी?"

आप्पांचा चेहरा मला आठवतो. ज्या माणसानं सरकारला वाकवलं, तो उपाध्यांपुढं वाकला. दुसऱ्या दिवशी मास्तरांकडं गेले. "पोरीला आतच बसू द्या. ती मूठ मिटून बसंल, तुमी बघितलं न्हाय असं करा."

मास्तर म्हणाले, "मी पहिल्यापासून आतच बसवत होतो हो. आता साहेबांचा शेरा आहे. पूजेला ती आत दिसली तर माझी नोकरी जाईल." खोटं बोलत नव्हते. उलट त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. ते पाणी माझ्या काय कामाचं?

"मग त्या सोनीला तरी पारावरनं हलवा."

"कुठं हलवू? तिला पाराच्या पलीकडं जागाच नाही."

त्या रात्री नव्हे, भर दुपारी, जेवताना आप्पांनी सांगितलं, "उद्यापासनं शाळा बास."

आई वाढत होती. तिचा हात थांबला. आप्पांसमोर ती सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलली. "त्यापरीस खाऊ द्या की पोरीला चमचाभर मध. कोन मरतंय?"

आप्पा ताटावरून उठले. त्यानंतर आठवडाभर ते आईशी बोलले नाहीत, आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. बस्तीत पाठशाळा होती, पण ती मुलग्यांची. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "पोरीला वाचता येतंय तेवढं रग्गड हाय. पत्र वाचशील नवऱ्याचं." नवरा निरक्षर निघाला, ही पुढची गंमत.

तंबाखूच्या खुडणीचे दिवस होते. मला रानात धाडलं. झाडाचा शेंडा खुडला की चीक येतो, तो बोटांवर बसतो, काळा होतो, राखेनं घासला तरी निघत नाही. भाकरी मोडली की घास कडू, डोळा चोळला की डोळा जळतो. अळ्या वेचायच्या त्याही मीच वेचल्या. ज्या हाताला मध लागू नये म्हणून एवढा तमाशा झाला, तो हात पुढं लग्न होईपर्यंत कडूच होता. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कडू आमच्यात चालतं.

रानातून येताना देवळावरून वाट होती. सोना पारावर असायची, पाटी वर धरलेली. मी थांबत नसे.

लग्न होऊन मी बेळगावजवळ अनगोळला आले. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत एकदा माहेरी जाताना निपाणीच्या मोटारस्टँडवर एक बाई समोर आली. पांढरं पातळ, हातात छत्री, पायात चपला. "शांतीच न्हवं तू?" आवाजावरून ओळखली. सोना मास्तरीण झाली होती. फायनल पास होऊन.

मोटार यायला वेळ होता. तिनं सांगितलं, पुढं बोर्डाचा हुकूम आला, देवळातली शाळा हलवून तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत नेली. "तितं समदी आत. बामनाची, मराठ्याची, तुमची, आमची. तंबाकूच्या वासानं सगळी सारखीच शिंकायची बघ. कुनाच्या शिंकंला जात न्हवती."

आम्ही हसलो. मग ती हसायची थांबली. "एक इचारू? तुझा बा येवढा भांडून साहेबाला घेऊन आलाता. मग शाळा का सोडिवली गं तुझी?"

मी सांगितलं. तिच्याच शेजारी बसते म्हणून सोडवली, हे तिच्या तोंडावर सांगायला मला काही वाटलं नाही असं नाही. पण खोटं सांगायची मला सवय नाही.

मोटार आली का ते तिनं वाकून बघितलं. म्हणाली, "बघ की. तुला जरा बाहेर बसायला लागलं, तर तुझ्या बानं शाळा सोडिवली. मला वर्सानुवर्सं बाहेरच बसायला लागलं, तरी माझ्या बानं सोडू दिली न्हाय." मग छत्री उघडत म्हणाली, "आता आत बसती. पर पान्याचा तांब्या माझा येगळाच ठेवत्यात अजून. मास्तरनीचा." आणि तिची मोटार आली.

पुन्हा भेटली नाही. आप्पा पुढं खूप वर्षं जगले. शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, मी धर्मासाठी सरकारशी भांडलो आणि जिंकलो. पाहुणे माना हलवायचे. मी त्यांना चहा द्यायची. कुणी विचारायचे, ही ती मुलगी का? आप्पा म्हणायचे, व्हय, हीच.

धर्माच्या स्वातंत्र्यावर आता लोक व्याख्यानं देतात. माझा नातू ऐकून येतो. माझं चौथीचं, तेही अर्धं, त्यामुळं मला त्यातलं थोडंच कळतं. एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय की स्वातंत्र्य मिळालं ते आप्पांना, मास्तरांना आणि साहेबांना. ते तिघांनी आपसात वाटून घेतलं. पारावर आम्ही दोघी होतो, आमच्यापर्यंत वाटणी आली नाही.

परवा शेजारची सून वाटी न्यायला आली. रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून मी तीत गुळाचा खडा ठेवला होता. ती निघाली तसं मी विचारलं, "पोरी, मध लागतो कसा गं?"

ती गोंधळली. "गोड, आज्जी. अजून कसा लागणार?" मग वाटी सावरत म्हणाली, "जास्त झाला तर घशाला लागतो."

नव्वदीला टेकलेली बाई हे काय विचारते आणि आपण काय सांगतो, असं तिला वाटलं असेल.

"पुढच्या वर्षी येशील तेव्हा 'तुमच्यात चालतं का' असं विचारू नकोस," मी म्हटलं. "मला चालतं का, ते विचार."

"चालेल, आज्जी? घालू मध?"

"ते तेव्हा बघू. आधी विचार तरी."